मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत जनुकांचा जाणकार हवा का?

मिरज_जंक्शन (धागाकर्ता)

मायक्रोबायोलॉजीत पीजी करताना माझ्या थिसिसचा विषय क्षयाचे जंतू हा होता. रिफाम्पिसिन या क्षयावरच्या औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंच्या आरपीओबी जनुकाचं सिक्वेन्सिंग (जनुकाची अक्षरं क्रमानं वाचणं) बाहेरून करून आणलं. जुन्या पेपरांत जिथे तिथे '५३१ वरचा बदल', आणि माझ्या निकालात '४५०'. मला वाटलं, काहीतरी नवंच हाती लागलं! तीन आठवडे जमिनीवर पाय नव्हते. मग पुण्यातल्या मित्रानं फोनवर दोन मिनिटांत हवा काढली. हे आकडे म्हणजे जनुकावरून बनणाऱ्या प्रथिनातल्या अमिनो आम्लांचे क्रमांक. पूर्वी ते ई. कोलाय या दुसऱ्याच जंतूच्या प्रथिनावरून मोजायचे, आता क्षयजंतूच्या स्वतःच्या प्रथिनावरून मोजतात. ५३१ म्हणजेच ४५०. जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर, जमीन तीच.

ही दोन मिनिटं मला माझ्या गावात मिळाली नाहीत, एवढंच माझं म्हणणं आहे. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठाच्या आरोग्य विज्ञान ग्रंथालयात २००२ पासून जनुकांच्या शंकांसाठी अशी सेवा आहे. कोणत्या प्रश्नाला कोणता डेटाबेस बघायचा ते सांगतात, कार्यशाळा घेतात, शंका घेऊन गेलं तर समोर बसवून समजावतात, आणि महागडी सॉफ्टवेअरं लायब्ररीच्या लायसन्सवर वापरायला देतात. मिरज-सांगलीत दवाखान्यांना तोटा नाही, मेडिकल कॉलेजं आहेत. आठवड्यातून दोन दिवस एक जाणकार लायब्ररीत बसवायला काय हरकत आहे? मतं सांगा.

विश्रामबागचा_डॉक्टर

हरकत आहे. तुझ्या गोंधळावर उतारा लायब्ररी नाही, गाईड आहे. गाईडला ते माहीत नसेल तर दुखणं तिथे आहे, औषध तिथेच द्या.

शिवाय सिक्वेन्सिंग करतात किती जण? आपले थिसिस म्हणजे 'टर्शरी केअर हॉस्पिटलमधील अमुक आजाराचं प्रमाण'. त्याला पर्सेंटेज आणि संख्याशास्त्रातली काय-स्क्वेअर चाचणी पुरते. वन नेशन वन सबस्क्रिप्शन या जर्नल्सच्या योजनेत केंद्रानं तीन वर्षांसाठी ६,००० कोटी ठेवलेत, २०२५ पासून सरकारी संस्थांना जवळजवळ १३,००० जर्नल्स मिळतात. ती उघडून बघणारे मला चार दाखवा, मग जनुकांचं बोलू.

वालचंदी

डॉक्टरसाहेबांशी अर्धा सहमत. हे काम संगणकाचं आहे, तर सांगलीत इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ पासून उभं आहे, पोरं घ्या तिथून. पुणे विद्यापीठात बायोइन्फरमॅटिक्स केंद्र १९८७ पासून आहे, शिकायचं त्यानं तिथे जावं. गॅलक्सीसारखी जनुकांच्या विश्लेषणाची साधनं ब्राउझरमध्ये फुकट चालतात, कमांड लिहावी लागत नाही. राहिलेलं चॅटबॉटला विचारा. पुस्तकांच्या कपाटांमध्ये खुर्ची टाकून काय होणार?

मिरज_जंक्शन

@वालचंदी, बटण दाबायला अडतच नाही हो. चुकीची फाइल दिली तरी प्रोग्रॅम गुमान चालतो, हीच तर भीती. माणसाच्या जीनोमच्या (सगळ्या डीएनएच्या) संदर्भ-नकाशाची २००९ ची आवृत्ती वेगळी, २०१३ ची वेगळी. एकीतला पत्ता दुसरीत शोधलात तर भलत्याच अक्षरावर जाऊन उभे राहाल, आणि स्क्रीनवर लाल अक्षरात काहीही येणार नाही.

एक्सेलचा किस्सा तर जगजाहीर आहे. मार्च१, सेप्ट२ अशी जनुकांची नावं एक्सेल परस्पर तारखा करून टाकतं. २०१६ मध्ये मोजदाद झाली, तेव्हा जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या पेपरांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात अशा चुका निघाल्या. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली! मार्च१ चं मार्चएफ१ झालं. ही माहिती तुमच्या इंजिनिअर पोराला असायचं कारण नाही. चॅटबॉटचं म्हणाल, तर एकदा त्यानं मला संदर्भ क्रमांक दिला, उघडला तर पेपर गुरांच्या खुराच्या रोगावर.

जुना_ग्रंथपाल

एकतीस वर्षं मेडिकल लायब्ररीत काढली म्हणून बोलतो. जाणकार बसवा म्हणणं सोपं आहे. मी निवृत्त झालो त्या जागेवर अजून माणूस आलेला नाही, चार्ज क्लार्ककडे आहे. आधी ग्रंथपाल द्या, मग जनुकपाल आणा. आणि हो, तो माणूस आला की 'लायब्ररीतलाच आहे ना' म्हणून त्याला नो-ड्यूजच्या सह्या करायला बसवतील. पैजेवर सांगतो.

हरिपूरकर

ग्रंथपालकाका, तुमची तक्रार शंभर टक्के खरी, पण हे काम तुमच्या खात्याचं नाही असं मात्र म्हणू नका. जनुकांची मोठी कोठी सांभाळणारं अमेरिकेतलं एनसीबीआय १९८८ मध्ये सुरू झालं, ते कुणाच्या घरात? नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या. तुम्ही पोरांना पबमेडवर पेपर शोधायला शिकवलंत, ते त्याच घरातलं. जनुकांचा साठा शेजारच्या खोलीत आहे.

आमच्या हरिपुरात हळदीची पेवं (जमिनीतली कोठारं) असायची. पेव उघडलं म्हणून कुणी आत उडी मारत नाही, आधी कंदील खाली सोडतात. विझला तर आत हवा नाही, थांबायचं. वालचंदी म्हणतात तशी शिडी फुकट मिळेलही, पण कंदील धरणारा लागतो.

विश्रामबागचा_डॉक्टर

कंदील वगैरे ठीक. पगार कोण देणार? पिट्सबर्गचं बजेट आणि आपलं बजेट एका ताटात वाढू नका. वर्षातून एकदा दोन दिवसांची कार्यशाळा ठेवा, सर्टिफिकेट द्या, संपलं.

मिरज_जंक्शन

अशा दोन कार्यशाळा मी केल्यात सर. चहा, उद्घाटन, ग्रुप फोटो, मग दुपारी ब्लास्टचं (जनुकाचा क्रम साठ्याशी जुळवून बघणाऱ्या प्रोग्रॅमचं) एक उदाहरण, तेही आधीच करून ठेवलेलं. माझी शंका उभी राहिली ती सहा महिन्यांनी, रात्री अकराला, माझीच फाइल उघडल्यावर. सर्टिफिकेटच्या मागे फोन नंबर छापलेला नसतो.

वालचंदी

हे मात्र खरं. आमच्याकडेही असंच.

जुना_ग्रंथपाल

बरं, वाद राहू दे. शहरातल्या वाचनालयात गुरुवारी चार ते सहा मी असतोच. मला जनुकातलं ओ की ठो कळत नाही, पण कुठला साठा, कुठली आवृत्ती, कधी बघितलं, हे लिहून ठेवायला मी कुणालाही शिकवीन. मिरज_जंक्शन, तुम्ही येणार असाल तर दोन खुर्च्या ठेवतो. दोनपैकी एकच कॉम्प्युटर चालतो, लॅपटॉप आणा.

मिरज_जंक्शन

काका, येतो. चार्जरपण आणतो.

विश्रामबागचा_डॉक्टर

माझ्या एका रेसिडेंटच्या तक्त्यात त्याच जनुकाचा '५१६' असा आकडा आहे. जुना की नवा?

मिरज_जंक्शन

जुना, सर. नव्या मोजणीत ४३५. दोन्हींत ८१ चा फरक पडतो. तक्त्याखाली कोणती मोजणी धरली ते लिहायला सांगा.

विश्रामबागचा_डॉक्टर

आभार. मत बदललेलं नाही.