शेताच्या वाटपाचं काम तालुक्यातल्या छोट्या वकील ऑफिसला द्यावं का? (बार्शी)

चाकणवाला_बार्शीकर:
नमस्कार मंडळी, थोडं लांबलंय पण वाचा. मी चाकणला कंपनीत आहे, गाव बार्शी तालुक्यात. आजोबा १९९८ ला गेले, त्यांच्या नावची साडेचार एकर, सातबाऱ्यावर वडील, काका आणि दोन आत्या अशी चौघांची नावं आहेत. वडील गेल्या दिवाळीत गेले. जमीन पहिल्यापासून काकाच कसतात, आम्ही कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी ज्वारीचं पोतं सोडून काही दिलं नाही. आता विषय काढला तर म्हणतात दोन्ही आत्यांनी २०११ ला मला हक्कसोड करून दिलंय, तुमच्या वाट्याला फार तर एकरभर येईल. मागं लागून फोटो मागवला तर शंभरच्या स्टँपवर टाइप केलेलं, खाली नोटरीचा गोल शिक्का आणि आत्यांचे अंगठे, बाकी काही नाही.

तालुक्याला कोर्टाच्या जवळ एक छोटं ऑफिस आहे, वडील-मुलगा आणि एक मॅडम, तिघं वकील. वडील जमिनीचं बघतात, मुलगा चेक बाउन्स आणि फौजदारी, मॅडमकडं घरगुती केसेस आणि रजिस्टरची कामं. फोनवर सगळं मिळून पंचवीस हजार आणि प्रत्येक तारखेला वेगळे असं बोलले. दुसऱ्या एकांनी तर फी नको म्हणाले, जिंकलो की दहा गुंठे माझ्या नावावर करा! मित्र म्हणतो पुण्याचा मोठा वकील कर, तालुक्याचे सगळे एकमेकांचे पाहुणे असतात, काकांशी सेटिंग करतील. काय करू? आणि आधी काय काय विचारून घेऊ?

जुना_ज्युनिअर:
भाऊ, मी अशाच तीन टेबलांच्या ऑफिसात सहा वर्षं ज्युनिअर होतो (आता दुसऱ्या धंद्यात आहे, म्हणून मोकळं बोलतो).

पहिलं म्हणजे ते दहा गुंठेवाले, त्यांच्या दारात परत जाऊ नको. निकालावर फी ठरवायची किंवा मिळालेल्यात वाटा मागायचा हे बार कौन्सिलच्या नियमात सरळ सरळ बंद आहे. जो माणूस पहिल्याच फोनवर आपल्या सनदेचा नियम मोडतो तो उद्या तुझ्याशी कसा वागेल ते बघ.

दुसरं, तू ज्याला एक काम समजतोयस ती तीन कामं आहेत आणि ‘सगळं मिळून’ हा शब्द तिथंच गोंधळ करतो. वडिलांच्या जागी आई, तू आणि बहीण असेल तर तिचं नाव लावायचं ही वारस नोंद. तलाठ्याकडं (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात कोण म्हणतंय) मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन जा, नाहीतर ई-हक्कवरनं ऑनलाइन अर्ज कर. फेरफार (सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद) धरतात, नोटीस निघते, पंधरा दिवसांत कुणी हरकत घेतली नाही की मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. याला वकील लागत नाही. काकांनी हरकत घेतली तर मात्र तक्रारी केस होते, तेव्हा लागेल.

मग आत्यांचा कागद. आत्यांचा हिस्सा नुसत्या नोटरीवर सुटत नाही रे, हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडं रजिस्टर लागतं. आमच्या ऑफिसात महिन्याला दोन तरी लोक असा कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणायचे आणि सरांनी नुसता शिक्का बघून खाली ठेवला की त्यांचा चेहरा बघवायचा नाही. काकांकडं खरंच रजिस्टर दस्त असता तर त्यांनी एव्हाना फेरफार करून आत्यांची नावं कमी केली असती, सातबाऱ्यावर नावं अजून आहेत यातच काय ते समज. तरी तालुक्यातून जुने फेरफार काढ आणि इंडेक्स टू चा (रजिस्टर झालेल्या दस्तांच्या सूचीचा) शोध घे, अंदाजावर राहू नको.

तिसरं वाटप. सगळे राजी असतील तर तहसीलदारांकडं जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ चं वाटप, स्वस्तात होतं. एक जरी अडला तर दिवाणी कोर्टात दावा. आणि हे कुणी आधी सांगत नाही की हुकूमनामा (कोर्टाचा निकाल) झाला तरी शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप कलेक्टरकडं जातं, मग मोजणी, मग ताबा. म्हणून विचार: पंचवीस हजार हुकूमनाम्यापर्यंत का ताब्यापर्यंत?

पुणे की बार्शी म्हणशील तर बार्शी. पुण्याचा वकील तारखेला स्वतः येणार नाही, तिथल्याच कुणाला तरी उभं करेल आणि तुला दोघांचे पैसे. छोट्या ऑफिसचा खरा फायदा वकिलापेक्षा त्यांच्या कारकुनात असतो, कुठला फेरफार कुठल्या कपाटात आहे, नक्कल कधी मिळेल, बेलीफ गावात कधी जाणार हे त्या माणसाला तोंडपाठ असतं. आमचे अण्णा सातवी शिकलेले होते पण सर त्यांना विचारल्याशिवाय तारीख मागायचे नाहीत.

तारीख_पे_तारीख:
वरच्यांनी छोट्या ऑफिसचं जरा जास्तच कौतुक केलंय. माझा अनुभव वेगळा. आमच्या तालुक्यात (नाव सांगत नाही) एकांना रस्त्याच्या भांडणाची केस दिली, चार वर्षं दर तारखेला पाचशे फोनपे करत होतो आणि ‘साहेब रजेवर होते, पुढची पडली’ एवढं उत्तर. मग भाच्यानं ईकोर्ट्स ॲप टाकून दिलं, त्यात सोळा अक्षरी सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) टाकला तर दोन वर्षांपूर्वीच वादी गैरहजर म्हणून दावा काढून टाकलेला!! मी पैसे भरतोय आणि केसच नाही.

म्हणून दावा दाखल झाला की त्याच दिवशी सीएनआर नंबर घे, वकील बदलायची वेळ आली आणि फाईल अडवून धरली तर ऐकून घेऊ नको, फी राहिलीय म्हणून पक्षकाराचे कागद दाबून ठेवता येत नाहीत असं सुप्रीम कोर्टानं २००० सालीच सांगितलंय. पावती माग. कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नको, कोऱ्या स्टँपवर तर अजिबात नाही. आणि मूळ कागद कुणालाच देऊ नको, झेरॉक्स दे, मूळ कोर्टात लागतील तेव्हा स्वतः घेऊन जा.

सोलापूरची_लेक:
सगळे तुझ्या हिश्श्याचं बोलतायत, आत्यांना कुणी विचारलंय का? २०११ ला अंगठा देताना त्यांना कागद वाचून दाखवला होता का? माझ्या आईला ‘रेशनकार्डाचं काम आहे’ म्हणून नेलं होतं मामांनी. ती आजपण सांगताना आधी हसते मग गप्प होते.

दादा, हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना मुलाइतकाच हक्क आहे, आणि ९ सप्टेंबर २००५ ला वडील जिवंत असायला पाहिजेत अशी अट नाही, हे सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलंय. म्हणजे आजोबा १९९८ ला गेले तरी आत्यांचा हिस्सा धरूनच हिशेब कर. चौघांत साडेचार एकर म्हणजे तुमच्या घराला एकर आणि पाच गुंठे. काका म्हणतात तो एकर तुमच्या पुरता जवळपास बरोबरच आहे, फरक आत्यांच्या सव्वादोन एकराचा आहे आणि तो त्यांचा आहे, तुझा नाही. राग मानू नको.

आणि त्या ऑफिसातल्या मॅडमना आवर्जून भेट. महाराष्ट्रात बायकांना मालमत्तेच्या काही दाव्यांत कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून, आमच्या वेळी पहिल्या वकिलांनी सांगितलंच नव्हतं, मॅडमनी सांगितलं. शिवाय आई, बहीण, आत्या यांना विधी सेवा समितीकडून फुकट वकील मिळू शकतो, बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नसते, १५१०० ला फोन करून विचार. लोकअदालतीत मिटलं तर उत्तमच, भरलेली कोर्ट फी परत मिळते, पण तिथं सही केली की त्यावर अपील नाही हे डोक्यात ठेवून सही करायची.

जुना_ज्युनिअर:
ताईंनी हिशेब मांडला ते बरं केलं, मी कागदातच अडकलो होतो. एक राहिलं, सगळे पाहुणे असतात हे खरंय, म्हणून पहिल्याच भेटीत काकांचं नाव, गाव सांगून विचार, यांचं कुठलं काम तुमच्याकडं आहे का किंवा होतं का. चांगला वकील स्वतःच नको म्हणेल. आणि हायकोर्टापर्यंत गेलंच तर सोलापूर जिल्हा १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचला जोडलाय, मुंबई वारी नाही. देव करो तिथवर जायला नको.

चाकणवाला_बार्शीकर:
सगळ्यांचे आभार, शनिवारी सुट्टी टाकून जाऊन आलो. ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली, भिंतीला लाल फडक्यात बांधलेल्या फायली, एक पंखा. मोठ्या वकिलांनी फोटो बघितला, चष्मा कपाळावर चढवला, झूम करून परत बघितला आणि एवढंच विचारलं, “दस्त नंबर कुठाय?” मी गप्प. काकांचं काम कधी नव्हतं म्हणाले, पण त्यांच्या व्याह्यांचं एक होतं, ते आपणहून सांगितलं. वारस नोंदीचे पैसे घेतले नाहीत, तूच कर म्हणाले, पंचवीस हजार हुकूमनाम्यापर्यंत आणि पुढचं वेगळं हे मॅडमनी कागदावर लिहून दिलं, पण त्या म्हणाल्या दावा आत्ता नको, आधी आत्यांना घेऊन या, त्यांचं काय म्हणणं आहे ते त्यांच्याच तोंडून ऐकू दे.

ताई, तुमचं वाचून दोन दिवस जरा लागलं होतं, खोटं नाही बोलत. काल थोरल्या आत्याला फोन केला. तिला हक्कसोड म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, म्हणाली तेव्हा पीककर्जाला सही पाहिजे म्हणून नेलं होतं. सोमवारी येते म्हणालीय, एसटीनं, पण काकांना आत्ता काही सांगू नको म्हणाली, राखीला त्याच्याकडं जायचंय मला.