युद्ध-आपत्तीतल्या मुलांसोबत काम (कॉक्स बाझार) : कोणी केलंय का?

माळरान

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

समाजकार्यात एमएसडब्ल्यू केलंय, गेली पाच वर्षं जिल्ह्याच्या ठिकाणी बालसंरक्षणातच आहे. म्हणजे १०९८ वर (मुलांची हेल्पलाइन) आलेल्या केसेस, गृहभेटी, मुलांना बालकल्याण समितीपुढे हजर करणं, स्टेशनवर सापडलेली पोरं, हळद लागलेली असताना थांबवलेली लग्नं वगैरे. आता बांगलादेशातल्या कॉक्स बाझारच्या रोहिंग्या कॅम्पसाठी एका संस्थेकडून विचारणा झालीये, सहा महिन्यांची पोस्ट, केस मॅनेजमेंटची, म्हणजे एकेका मुलाची केस हाती घेऊन पाठपुरावा करायची. पुढच्या आठवड्यात इंटरव्ह्यू आहे. घरी सांगितलं तर आई म्हणाली "इथली पोरं संपली का?" आणि बाबा काहीच बोलले नाहीत, म्हणजे नाहीच.

माझी भीती वेगळीच आहे. इथे माझ्यामागे पोलीस आहेत, समिती आहे, कायदा आहे, अगदीच काही नाही तर बालगृह आहे. तिथे मागे कोण असतं? आपलं रोजचं काम आणि हे काम यात फरक नेमका काय? की तिथे गेल्यावर कळणार की आपल्याला काहीच येत नाही? आणि अजून एक, हसू नका, रडू आलं तर काय करता तुम्ही लोक?

चहाचा_कप

माळरानताई, २०१८ पासून चौदा महिने होतो तिथे, उखियाच्या बाजूला. २५ ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांत सात लाखांच्या वर माणसं म्यानमारमधून चालत, नाफ नदी ओलांडत आली, आधीची होतीच. मी गेलो तेव्हा टेकड्यांवर झाड नावाला उरलेलं नव्हतं, नुसते बांबू आणि ताडपत्री, आणि पाऊस लागला की अख्खी टेकडी खाली घसरायची. पण ते सगळं टीव्हीवर बघितलं असेलच. कामाचं सांगतो.

पहिल्याच आठवड्यात एक फॉर्म हातात आला, मुलगी अंदाजे पाच वर्षं, एका म्हाताऱ्या बाईकडे राहते, खाली लिहिलेलं "आईवडील नाहीत". कुणी लिहिलं, कशावरून लिहिलं, पत्ता नाही. आईचं नाव विचारलं तर ती म्हणायची "मा". आता पाच वर्षांच्या पोरीला आईचं नाव आईच असणार ना! आमच्याबरोबर एक रोहिंग्या बाई होत्या व्हॉलंटियर, शाळेचं तोंड न बघितलेल्या. त्या खाली चिखलातच बसल्या, काडीने घर काढलं, दार कुठे, कोंबड्या कुठे, पाण्याला कुणाबरोबर जायचीस, आणि मग हळूच, "शेजारीण तुझ्या आईला हाक कशी मारायची गं?" तर म्हणाली, अमक्याची मा. म्हणजे मोठ्या भावाचं नाव मिळालं! आपल्याकडे नाही का बंड्याची आई म्हणतात, तसंच. ते नाव घेऊन ब्लॉकब्लॉकच्या माझींना (हे तिथले मुकादमासारखे, वस्तीचे म्होरके) विचारत फिरलो, तिसऱ्या दिवशी आई सापडली, दुसऱ्या कॅम्पात, मोठ्या पोराबरोबर. तीही पोरीला शोधत रोज भोंग्यावाल्या बूथवर जात होती. असा बूथ होता खरंच कुटुपालोंगच्या कॅम्पात, जत्रेत हरवलेल्या मुलांची नावं पुकारतात तसा, एका रोहिंग्या माणसानेच सुरू केलेला.

तर "अनाथ" हा शब्द जपून. एकही मोठं माणूस बरोबर नसलेलं मूल वेगळं आणि आईबापापासून तुटलं पण मावशी-काका-आजीकडे असलेलं मूल वेगळं, दोघांचे आईबाप बहुतेक वेळा कुठेतरी असतातच. फॉर्मवर या दोघांचे रकाने वेगळे असतात, उगाच नाही.

मागे कोण, तर कॅम्प-इन-चार्ज, म्हणजे सरकारी अधिकारी, सगळे सीआयसी म्हणतात, त्यांच्या परवानगीशिवाय पान हलत नाही. समितीच्या जागी दर आठवड्याला पाचसहा संस्थांची मीटिंग, त्यात भांडणं. बालगृह हा पहिला पर्याय नाहीच, आधी नातेवाईक, नाहीतर त्याच गावचं ओळखीचं कुटुंब, आणि त्या कुटुंबाकडे पुन्हापुन्हा जाऊन बघायचं की पोर जेवतंय का, का नुसतं पाणीच भरतंय. गृहभेट करता ना तुम्ही? मग निम्मं काम येतं तुम्हाला.

जे इथे अंगवळणी पडत नाही ते म्हणजे रेशन. एकट्या मुलांना वेगळं काहीतरी वाटप आहे अशी कुणकुण लागली की दुसऱ्या दिवशी आईच पोराला पलीकडच्या झोपडीत ठेवून सांगते, हा एकटाच आहे. खोटारडी नाही हो ती, चार पोरं आहेत तिला. चूक आपली, वाटप असं आखलं की ताटातूट करणं फायद्याचं व्हावं. उलटंही होतं, मावशी भाचा लपवते, कारण नाव लिहिलं तर संस्थावाले घेऊन जातील असं कुणीतरी सांगितलेलं असतं.

रडण्याचं नंतर लिहितो, कुकर झाला.

नाईल_काठी

+१ चहाचा_कप, विशेषतः वाटपाबद्दल.

मी दक्षिण सुदानमध्ये होते. तिथलं काम वेगळं, सशस्त्र गटांमधून सुटलेली मुलं. २०१५ मध्ये पिबोरच्या भागात एका गटाने १७०० हून जास्त मुलं सोडली, मी गेले त्यानंतर. लोकांना वाटतं बालसैनिक म्हणजे हातात बंदूक, कपाळाला पट्टी. अहो निम्मी पोरं पाणी आणणारी, ओझी वाहणारी, स्वयंपाक करणारी, निरोप्ये, आणि मुली तर कमांडरच्या "बायका". २००७ ची पॅरिस तत्त्वं आहेत (अशा मुलांबद्दल देशांनी आणि संस्थांनी मान्य केलेली), त्यात ही सगळी धरलेली आहेत, बंदूक असो नसो. हे एवढं ठासून का सांगावं लागलं, तर त्याआधी सिएरा लिओनसारख्या ठिकाणी शस्त्र जमा करा आणि मदत घ्या असा हिशेब होता, मग ज्यांच्याकडे शस्त्रच नव्हतं त्या मुली कितीतरी यादीत आल्याच नाहीत, गुपचूप गावी गेल्या किंवा त्याच माणसाबरोबर राहिल्या.

आणि घरी पोचवलं की झालं असंही नाही. आमच्याकडे एक चौदापंधरा वर्षांचा होता, तो तीनदा विचारायचा की माझ्या गाई कुठायत. आम्ही आपले शाळा, समुपदेशन, वह्या घेऊन बसलोय आणि त्याचा हिशेब साधा, गाई नाहीत तर लग्न नाही, लग्न नाही तर गावात किंमत नाही, मग परत जातो गटात. बरोबरच होतं त्याचं. शेवटी त्याच्या मामाशी बोलणं हेच खरं काम निघालं.

तुम्हाला इंटरव्ह्यूत सहा गंभीर उल्लंघनं नक्की विचारतील, पाठ करून जा: मुलांना ठार किंवा जायबंदी करणं, भरती करणं किंवा वापरणं, लैंगिक हिंसा, पळवून नेणं, शाळा-दवाखान्यांवर हल्ले, आणि मदत पोचू न देणं. २००५ च्या सुरक्षा परिषदेच्या १६१२ च्या ठरावाने याची नोंद ठेवायची यंत्रणा उभी राहिली. पण खबरदार, केसवर्करने स्वतः पोलीस होऊन पुरावे गोळा करत फिरायचं नाही, त्यासाठी वेगळी माणसं असतात. तुमच्या वहीत कुणाचं नाव आणि कुठल्या गटाने काय केलं हे एकत्र सापडलं तर त्या मुलाचं काय होईल एवढा विचार करा. आम्ही नाव एका जागी आणि कोड नंबर दुसऱ्या जागी ठेवायचो.

उदगीरकर

मी या क्षेत्रातला नाही, दुकान आहे माझं. पण किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी मी अकरा वर्षांचा होतो, म्हणून लिहितो. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी विसर्जन झालेलं, सगळे दमून झोपलेले, पहाटे चारच्या सुमाराला झालं. आमचं गाव जरा लांब होतं म्हणून वाचलो, आत्याचं घर गेलं, तिची पोरगी तेवढी राहिली, ती आमच्याकडे आली. पंधराएक दिवसांनी एक जीप आली, चांगले कपडे घातलेलं नवराबायको, म्हणाले आम्हाला मूल नाही, अशी एखादी मुलगी असेल तर द्या, आम्ही पोटच्यासारखी वाढवू. माझी आजी पत्र्याच्या शेडमध्ये बसली होती, ती म्हणाली "कोंबडी हाय व्हय?" एवढंच. जीप गेली. माणसं वाईट नसतील, पण ती पोरगी त्या वेळी बोलतच नव्हती, तिला कुणीही उचलून नेलं असतं.

आता एक शंका. त्याच वेळी शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुलं पुण्याला शिकायला नेली, त्यांच्या तिथल्या वाघोलीच्या संस्थेचं नाव आमच्याकडे घरोघरी माहीत होतं. त्यातली पोरं शिकली, मार्गी लागली. मग तुम्ही म्हणता घरातनं हलवू नका, ते कसं?

चहाचा_कप

उदगीरकर, आजीला साष्टांग दंडवत. तिला जे कळलं ते मोठमोठ्यांना कळत नाही. २००७ मध्ये चाडमध्ये फ्रेंच संस्थेची माणसं १०३ मुलं विमानात बसवायच्या बेतात पकडली गेली, शेजारच्या सुदानमधल्या दारफूरचे अनाथ म्हणून, निघाली बरीचशी चाडचीच आणि आईबाप असलेली. २०१० च्या हैती भूकंपानंतर दहा अमेरिकन मिशनरी ३३ मुलांना बसने सीमेपार नेताना सापडले, तिथेही तेच. आपल्याकडे २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत व्हॉट्सॲपवर "दोन मुली, दत्तक घ्या, या नंबरवर फोन करा" फिरत होतं ते आठवतंय ना.

तुमच्या शंकेचं उत्तर सरळ नाहीये. मूल कुठे आहे हे घरच्यांना माहीत आहे, त्यांच्या मर्जीने गेलंय, दिवाळीला परत येतंय, याला हॉस्टेल म्हणतात. घाईघाईत, नाव-गाव न लिहिता, सीमा ओलांडून नेणं याला काही वेगळंच म्हणतात. तरीही लहान मुलांना संस्थेत ठेवण्याला माझा विरोधच आहे, यावर आपण भांडू शकतो.

रडण्याचं: गाडीत. कॅम्पातून शहरात परत यायला तासदीड तास लागायचा, त्यात कोणी कोणाकडे बघायचं नाही असा आमचा अलिखित नियम होता. मुलासमोर नाही, कारण मग ते तुम्हालाच समजवायला लागतं. आणि "तू काय पाहिलंस" हे मुलाला विचारायचं नाही, त्याला सांगायचं असेल तेव्हा सांगेल, नाहीतर नाही. पत्रकार यायचे, "ज्याच्यासमोर झालंय असा एखादा मुलगा मिळेल का?" विचारायचे, अगदी असेच शब्द. त्यांना चहा पाजून परत पाठवणं हेही कामच.

जुना_खेळाडू

परदेशाची एवढी हौस कशाला? ३ मे २०२३ पासून मणिपूरमध्ये हिंसाचारामुळे साठेक हजार माणसं घरं सोडून मदत छावण्यांत गेली, पोरं तिथेच मोठी होतायत. तिकडे जा की. पासपोर्टही लागत नाही.

नाईल_काठी

जुना_खेळाडू, तिरकस लिहिलंय पण मुद्दा चुकीचा नाही. ताई, ही पोस्ट हुकली तर खरंच तो विचार करा, आसामच्या पुरातसुद्धा हेच काम असतं. युनिसेफच्या अगोरा साइटवर आणि काया नावाच्या साइटवर फुकट कोर्स आहेत, आणि बालसंरक्षणाची किमान मानकं, २०१९ ची सुधारित आवृत्ती, ती तरी चाळूनच जा, २८ मानकं आहेत, सगळी नको, ताटातूट आणि केस मॅनेजमेंटची वाचा.

माळरान

मंडळी, काय बोलू, रात्री दोनदा वाचलं. उदगीरकरांच्या आजीचं वाक्य आईला वाचून दाखवलं, ती हसली, म्हणजे अर्धी परवानगी समजते.

इंटरव्ह्यूच्या आधी त्यांनी एक केस लिहून पाठवायला सांगितलीये: सहा वर्षांचा मुलगा शेजाऱ्यांकडे आहे, एक बाई येते, मी याची मावशी म्हणते, खाऊ आणलाय, मुलगा धावत जाऊन तिला बिलगतो. तुम्ही काय कराल? मी लिहिलं की मुलगा ओळखतोय म्हणजे नातं आहे, सही घेऊन ताब्यात देईन आणि आठवड्याने भेट देईन. बरोबर आहे का?

चहाचा_कप

नाही!! पाठवलं नसेल तर थांबा.

सहा वर्षांचं पोर भुकेलं असेल तर खाऊवाल्या कुणालाही बिलगतं. बाईंना बसवा, पाणी द्या, मान ठेवूनच बोला, पण दोघांना वेगवेगळं विचारा, एकमेकांना ऐकू जाणार नाही असं. तिला: याच्या अंगावर खूण कुठे, याला लाडाने काय म्हणता, घरात अजून कोण होतं, शेवटचा कधी पाहिलात. त्याला तेच, त्याच्या भाषेत. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. मग तिच्या गावचं तिसरं कुणीतरी गाठा. आणि सगळं जुळलं तरी त्याला विचारा की जायचंय का, कारण मावशी खरी असूनही तिच्याकडे जायची भीती वाटू शकते. तोवर तो शेजाऱ्यांकडेच, बाईंनी रोज येऊन भेटावं.

माझ्या एका केसमध्ये मावशीने पोराचं नाव बरोबर सांगितलं, गाव बरोबर, खूणसुद्धा. फक्त पोराला विचारलं, मावशीच्या घरी झोपायचास कुठे, तर म्हणाला, मी कधी गेलोच नाही.

माळरान

पाठवलं नव्हतं. परत लिहायला बसते.