मदत हवी आहे: जुने १०.९ ग्रेडचे बोल्ट पुन्हा वापरावेत का?

मोटरच्या बेसचे एम१२ (१२ मिमी जाडीचे), १०.९ ग्रेडचे म्हणजे जास्त ताकदीच्या पोलादाचे बोल्ट काढलेत. तिथे कंपन भरपूर, म्हणून आधी विचारतोय. रॉकेल आणि वायर ब्रशने साफ केले. बहुतेकांवर नवा नट हाताने शेवटपर्यंत फिरतो. काहींवर मध्येच अडकतो आणि १.७५ मिमीचा पिच गेज (आट्यांमधलं अंतर तपासायची दातेरी पट्टी) आट्यांवर धरला की उजेड दिसतो. म्हणजे ताणले गेलेत, ते बाद.

नायलॉक नट (कंपनात सैल होऊ नये म्हणून आत नायलॉनचं कडं असलेले), वॉशर नवेच घालणार. ठरलेल्या जोराने आवळायला टॉर्क रेंच आहे, बारीक भेगा तपासायची सोय मात्र नाही.

खरी अडचण उरलेल्यांची. डोक्याखाली, दांडा सुरू होतो त्या कोपऱ्यात गंजाचे बारीक खड्डे आहेत, नखाला जेमतेम लागतात. आटे ठणठणीत असले तरी एवढ्या खड्ड्यांमुळे कंपनात बोल्ट तिथूनच तुटू शकतो का?