मदत हवी आहे: एसी लावला की सिग्नलला गाडी थरथरते. फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ती रबरं) की कंप्रेसर?

धायरीकर

नमस्कार मंडळी. गाडी २०१३ ची, पेट्रोल, १.२ लिटर, चार सिलिंडर, हाताचे गिअर. ८१ हजार किलोमीटर झालेत, पहिला मालक मीच. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा "ती कंपनीच तसली" यावर जाईल आणि माझी गाडी थरथरतच राहील.

रोजचा रस्ता धायरी ते हिंजवडी. एसी बंद असताना आरपीएमची (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्या) सुई ७५० वर गप्प बसलेली असते. एसी लावला की पुढून 'टक' आवाज येतो आणि सुई ५५०-६०० वर. स्टिअरिंग, सीट, आरसा सगळं थरथरतं, मागचा एक टेम्पो आरशात दोन दिसतो. बायपासला चालत्या गाडीत काहीही जाणवत नाही. नवले पुलाखाली किंवा भूमकर चौकात अडकलो की सुरू. सकाळी त्रास कमी, संध्याकाळी परतताना जास्त. गेल्या आठवड्यात भूमकर चौकात दोनदा बंद पडली, मागच्यांनी हॉर्न वाजवून जो सत्कार केला तो सांगत नाही.

प्लग सहा महिन्यांपूर्वी बदललेत, एअर फिल्टर नवा आहे, चेक इंजिनचा दिवा नाही. एक मेकॅनिक म्हणतो, "फाउंडेशन गेलंय, तिन्ही बदला", सात हजार. एसीवाला म्हणतो, "कंप्रेसर जड झालाय, बदला", अठरा हजार. सासरे म्हणतात एसी लावूच नका, फुकट. पैसे घालण्याआधी नक्की दोष कुठे ते घरी कसं ओळखायचं? हो, थांबल्यावर थंडावाही जरा कमी होतो, पण उन्हाळा आहे म्हणून असेल.

घाटरस्ता

ई-२० (वीस टक्के इथेनॉलवालं) पेट्रोल. दुसरं काही नाही. २०१३ च्या गाडीला ते झेपत नाही, आमच्या तीन मित्रांच्या गाड्या अशाच थरथरतात.

मापकाढ्या

घाटरस्ता साहेब, पेट्रोल एसी बंद असतानाही तेच असतं. तेव्हा सुई ७५० वर गप्प बसते असं त्यांनी लिहिलंय. इथेनॉलला हवा कमी लागते (पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा, इथेनॉलच्या एका भागाला ९), त्यामुळे तेवढ्याच हवेत इंधन जास्त सोडावं लागतं. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचं बघून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ते बऱ्यापैकी भरून काढतो. जुन्या गाडीचे रबरी पाइप हा वेगळा विषय, त्यावर वेगळा धागा काढा, मीही भांडायला येतो.

धायरीकर, आधी एक वाटणी करू. थरथरताना सुई पडते का? सुई जागेवर राहून नुसती थरथर असेल तर फाउंडेशनवर संशय घ्यायचा. इंजिन तेवढंच हलत असतं, फाटलेलं रबर ते सीटपर्यंत पोचू देतं. तुमची सुई १५०-२०० ने पडते आणि गाडी बंदही पडते. रबर फाटलं म्हणून इंजिन बंद पडत नाही. खरं तर एसी लागताच ईसीयूने थ्रॉटल (हवेची झडप) किंचित उघडून आरपीएम उलट ५०-१०० ने वर न्यायला हवा. म्हणजे एकतर इंजिन ती भरपाई करू शकत नाहीये (थ्रॉटल बॉडीत कार्बन, कुठेतरी हवा गळणं, ठिणगीची कमजोर कॉइल) किंवा कंप्रेसर नेहमीपेक्षा जास्त ओझं टाकतोय.

पाचसहाशे रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी (इंजिनचे आकडे मोबाइलवर दाखवणारा स्कॅनर) मिळतो. इंजिन गरम झाल्यावर एसी बंद ठेवून लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू किती टक्के इंधन वाढवतोय किंवा घटवतोय) बघा, एकदा आयडलला (ॲक्सिलरेटरवर पाय नसताना) आणि एकदा २५०० आरपीएमला. आयडलला +१५ वगैरे आणि २५०० ला खाली येत असेल तर हवा गळतेय. पीसीव्हीचा (इंजिनमधली वाफ परत आत नेणारा) पाइप आणि हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डचं गॅस्केट तपासा.

नाना पेठेतला

दादा, तुम्ही शेवटी सहज जे लिहिलंय तेच मला पहिलं वाटतं. थांबल्यावर थंडावा कमी, चालत्या गाडीत सगळं ठीक, संध्याकाळी जास्त. हे कंडेन्सरचं (एसीचा गॅस थंड करणारा, रेडिएटरच्या पुढचा भाग) दुखणं आहे. चालताना वारा कंडेन्सर थंड करतो, थांबल्यावर ते काम फॅनचं. फॅन नीट फिरत नसेल तर गॅसचं प्रेशर चढतं आणि कंप्रेसर त्या प्रेशरविरुद्ध ढकलत बसतो. १.२ चं इंजिन आयडलला जेमतेम स्वतःला फिरवत असतं, त्याच्या गळ्यात हे ओझं.

पैसे न घालता करायची चाचणी: गाडी गरम करा, एसी फुल, बॉनेट उघडा, थरथर सुरू होऊ द्या. मग पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर मगाने पाणी मारा. हात आणि ओढणी-बिढणी फॅनपासून लांब. अर्ध्या मिनिटात सुई वर आली आणि थरथर कमी झाली तर कंप्रेसरला हात लावू देऊ नका. त्याच वेळी फॅनकडे बघा, एसी लागल्यावर लगेच फिरतो का?

आणि मागे गॅस कोणी, कसा भरला होता? बॉनेटखालच्या स्टिकरवर किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं. बरेच जण प्रेशरचा काटा बघून अंदाजे ढोसतात. जास्त झालेला गॅसही हेच करतो.

धायरीकर

ट्रिम घेतले. आयडलला +५, २५०० ला +४. मापकाढ्या, यातले चारपाच तुमच्या इथेनॉलचे धरू का?

पाण्याचा प्रयोग रविवारी दुपारी केला. सोसायटीत टँकरचं पाणी, त्यामुळे अर्धी बादली घेऊन चोरासारखा उतरलो, तरी दुसऱ्या मजल्यावरून "गाडी धुताय का?" आलंच. दहा मिनिटं एसी फुल, सुई ५८०, थरथर जोरात. चार मग पाणी मारलं आणि वीसेक सेकंदांत सुई ७०० च्या वर! दोन मिनिटांनी पुन्हा खाली.

फॅन मात्र फिरतो हो. म्हणजे एसी लावल्यावर लगेच नाही, बऱ्याच वेळाने एकदम घोंघावत सुरू होतो, थोडा वेळ चालतो, बंद होतो. थरथर तेवढ्यापुरती थांबते. हे नॉर्मल आहे असं मी इतकी वर्षं समजत होतो.

नाना पेठेतला

सापडलं. फॅनला दोन वेग असतात. एसी लागला की हळू वेग लगेच लागायला हवा, तो एका रेझिस्टरमधून (वीज अडवणारा छोटा भाग) येतो. रेझिस्टर जळला की हळू वेग मेला. मग प्रेशर पार चढेपर्यंत फॅन गप्प, आणि प्रेशर स्विचने हाक मारली की एकदम मोठा वेग. रेझिस्टर फॅनच्या चौकटीवरच बसवलेला असतो, मीटर लावून बघा. आमच्या पेठेत काही शे रुपयांत मिळेल, अख्खी फॅन असेंब्ली गळ्यात मारू देऊ नका. फॅन काढलाच आहे तर कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधला कचरा हलक्या पाण्याने काढा. प्रेशर वॉशरने नको, पाती आडवी होतात.

धायरीकर

काल झालं. रेझिस्टर आरपार तुटलेला निघाला. नवा ४५० रुपये, मजुरी ३००. मधून मूठभर पिसं आणि धुळीचा थर निघाला. आता एसी लावताच फॅन हळू फिरतो, आणि आज संध्याकाळी भूमकर चौकात बारा मिनिटं उभा होतो, क्षणभराची बुडी सोडली तर सुई ७०० च्या खाली गेली नाही, गारही लागत होतं. नाना पेठेतले दादा, भेटलात तर चहा माझ्याकडून.

अजून दोन गोष्टी राहिल्यात. 'टक' होताना सुई क्षणभर ६५० ला जाऊन परत येते. आणि स्टिअरिंगला बारीक थरथर आहे, पण आता सुई स्थिर असताना.

मापकाढ्या

ट्रिममधले पाच इथेनॉलचे धरा, भांडत नाही.

क्षणभराची ती बुडी बहुतेक थ्रॉटल बॉडीतला कार्बन. ८१ हजारांत एकदाही साफ केली नसेल तर करा. चावी बंद, क्लीनर कपड्यावर मारून पुसा, झडप बोटाने ढकलू नका, इलेक्ट्रॉनिक असेल तर आतले गिअर दुखावतात. साफ केल्यावर आयडल थोडे दिवस चढं राहू शकतं, कारण घाणेरड्या झडपेचा हिशोब ईसीयूच्या डोक्यात असतो. उतरलं नाही तर स्कॅनरवाल्याकडून आयडल लर्निंग करून घ्या.

दुसरी थरथर मात्र फाउंडेशनचीच दिसते. तुमचा पहिला मेकॅनिक अगदीच चुकला नव्हता, फक्त रांगेत पुढे घुसला. हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय, बॉनेट उघडं, पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडा, मग रिव्हर्समध्ये तसंच. बघणारा माणूस गाडीच्या बाजूला उभा राहू दे, समोर नाही. ज्या बाजूला इंजिन उडी मारल्यासारखं उचलेल तिथलं रबर फाटलंय. तेवढंच बदला.