ग्रीन आधी गिरणीवाला, मग केंब्रिजचा
इंग्रज गणिती जॉर्ज ग्रीनला केंब्रिज विद्यापीठाने घडवलं असं कुणी म्हटलं, तर ते मला अजिबात पटत नाही. तो तिथे विद्यार्थी म्हणून गेला १८३३ साली, चाळिशीत. ग्रीन फंक्शनचं (एका बिंदूवरच्या परिणामावरून सगळ्याचं उत्तर काढायच्या गणिती युक्तीचं) मूळ ज्यात आहे तो वीज-चुंबकत्वावरचा निबंध त्याआधीच, १८२८ मध्ये, नॉटिंगहॅमला छापून झाला होता. शाळा जेमतेम वर्षभर, बाकी दिवस वडिलांच्या पवनचक्कीत दळण. निबंधाला वर्गणीदार मिळाले ५१, त्यातल्या किती जणांना तो कळला असेल!

आणखी एक गोष्ट इथे यायलाच हवी. ग्रीन १८४१ मध्ये वारला. १८४५ मध्ये तरुण विल्यम थॉमसनला, म्हणजे पुढे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन म्हणून गाजलेल्याला, पॅरिसला निघता निघता त्याचे शिक्षक हॉपकिन्स यांच्याकडून या निबंधाच्या प्रती मिळाल्या. थॉमसननेच तो निबंध क्रेल यांच्या जर्मन गणिती नियतकालिकात पुन्हा छापवून आणला.