घरी गाडीचे भाग साफ करण्यासाठी स्वस्तातला सँडब्लास्टर घ्यावा की नाही?

टिळकवाडीकर
वडिलांची 1996 ची मारुती 800 मी गेल्या दिवाळीपासून सुटी करत आहे. रिम, लोअर आर्म, ब्रेकच्या बॅकप्लेट, टॅपेट कव्हर, मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटर हे सगळे सध्या मागच्या पडवीत पोत्यावर मांडून ठेवले आहे. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून दोन महिने घासले. सपाट भाग निघतो, पण वेल्डिंगच्या खोबणीतला गंज तिथेच राहतो. म्हणून ब्लास्टर, म्हणजे हवेच्या दाबाने वाळूसारखे कण मारून गंज काढणारे यंत्र, घ्यायचे ठरवत आहे. त्यासाठी 15,000 रुपये बाजूला काढले आहेत. 100 लिटर टाकीचा, बेल्टवर चालणारा 2 अश्वशक्तीचा कंप्रेसर एका बंद पडलेल्या पंक्चरच्या दुकानातून आधीच घेऊन ठेवला आहे.

माझे मत असे आहे की घरासाठी टेबलावर ठेवायचा सायफन कॅबिनेटच (हातमोजे आणि काच असलेली बंद पेटी) घ्यावा, प्रेशर पॉट घेऊ नये. पॉटमध्ये माल (मारायचे कण) आणि हवा दोन्ही दाबाखाली एकत्र बाहेर पडत असल्यामुळे काम कितीतरी वेगाने होते, हे मान्य आहे. परंतु ती टाकी स्वतः दाबाचे भांडे असते आणि स्वस्त टाकीचे वेल्डिंग कोणी कसे केले आहे हे आपल्याला कळत नाही. शिवाय पॉट उघड्यावर चालवला तर माल अंगणभर उडतो आणि परत मिळत नाही. सायफनमध्ये बंदुकीतल्या हवेच्या झोताने नळीतून माल ओढला जातो, वस्तूवर आदळून तो जाळीतून खाली नरसाळ्यात पडतो आणि पुन्हा वापरता येतो. खर्च वाचवण्यासाठी सुरुवातीला मलप्रभा नदीची वाळू वाळवून, बारीक चाळून वापरावी असा विचार आहे. आपली मते कळवावीत.

उद्यमबागवाला
मी स्पष्ट विरोध नोंदवतो. 80 पौंड दाबाला (चौरस इंचाला 80 पौंड, म्हणजे साधारण साडेपाच बार) बंदुकीच्या 3 मिलिमीटरच्या छिद्रातून मिनिटाला साधारण 17 घनफूट हवा जाते. आपला 2 अश्वशक्तीचा कंप्रेसर त्या दाबाला प्रत्यक्षात 6 ते 7 घनफूट हवा देईल. पाटीवर याहून मोठा आकडा असेल, पण तो पिस्टनच्या आकारमानाचा असतो, बाहेर पडणाऱ्या हवेचा नसतो. आता हिशेब करून पाहा. टाकीतला दाब 8 बारवरून साडेपाचपर्यंत उतरेपर्यंत जेमतेम 9 घनफूट हवा हाती लागते. म्हणजे पाऊण मिनिट मारा करायचा आणि दीड मिनिट टाकी भरण्याची वाट पाहत बसायचे. संध्याकाळी व्होल्टेज उतरले की मोटर कण्हत चालते, ते वेगळेच.

चार रिम आणि दोन आर्मसाठी घरात कारखाना कशाला थाटायचा? आपल्या बेळगावात उद्यमबाग काय किंवा मच्छे काय, पावडर कोटिंग (रंगाची पूड भाजून चढवणे) करणारे लोक आधी ब्लास्टिंग करूनच रंग चढवतात. सकाळी भाग टाकले तर संध्याकाळी कोट होऊन मिळतात. आपल्या गावात इतक्या फाउंड्री (ओतकामाचे कारखाने) असताना हे काम पडवीत करणे म्हणजे नदीकाठी राहून बोअर मारण्यासारखे आहे.

टिळकवाडीकर
आकडे बरोबर आहेत, पण ते चुकीच्या छिद्राला लावले आहेत. सायफन बंदुकीत हवेचा खर्च पुढच्या नोझलवर ठरत नाही, आतल्या एअर जेटवर, म्हणजे हवा सोडणाऱ्या बारीक तोटीवर ठरतो. नोझल साधारणतः जेटच्या दुप्पट व्यासाचे असते. 2 मिलिमीटरचा जेट घातला तर क्षेत्रफळ निम्म्याहून कमी होते आणि मागणी मिनिटाला 7 ते 8 घनफुटांवर येते, म्हणजे जवळजवळ माझ्या कंप्रेसरइतकीच. मारा रुपयाएवढ्या जागेवर पडेल आणि काम हळू होईल, पण मला घाई नाही. बाजारातले लोक आधी मोठी बंदूक घेतात आणि मग कंप्रेसर अपुरा पडतो म्हणून रडतात. कंप्रेसर पाहून बंदूक निवडावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

खानापूरकर
आपण दोघे हवेच्या मापावर भांडत आहात, पण त्या हवेतल्या पाण्याचे कोणीच बोललेले नाही. कंप्रेसर हवा दाबतो तेव्हा ती तापते, पुढे नळीत थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होते. जून ते सप्टेंबर आमच्या खानापूर भागात ब्लास्टिंगचा माल दहा मिनिटांत ओल्या रव्यासारखा गोळा होतो आणि बंदूक थुंकल्यासारखी करते. बहुतेक जण मॉइश्चर सेपरेटर (हवेतले पाणी वेगळे करणारी बाटली) कंप्रेसरच्या तोंडाशीच बसवतात. तिथे हवा अजून गरम असल्यामुळे पाणी बाष्परूपातच त्याच्यातून पार होते. मी आठ-दहा मीटर जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप भिंतीवरून उतार देऊन फिरवला, खालच्या टोकाला कॉक लावला आणि त्याच्या पुढे सेपरेटर बसवला, तेव्हा कुठे फरक पडला.

दुसरे असे की ब्लास्ट केलेले लोखंड उघडे पडते आणि जुलैमध्ये सकाळी चकचकीत केलेल्या आर्मवर संध्याकाळपर्यंत केशरी झाक येते. उघड्या हाताने धरले तर बोटांचे ठसेसुद्धा गंजून उमटतात. त्याच दिवशी प्रायमर लागला नाही, तर सगळी मेहनत पाण्यात जाते, आणि इथे तर शब्दशः पाण्यात.

म्हणून लोखंडी भागांसाठी मी ब्लास्टरच्या बाजूचा नाही. प्लास्टिकचे पिंप, पाण्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जर आणि साध्या लोखंडी पत्र्याचा तुकडा एवढ्यावर इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे पाण्यातून वीज सोडून गंज काढणे, होते. भाग चार्जरच्या ऋण टोकाला आणि पत्रा धन टोकाला जोडायचा. रात्रभरात गंज काळ्या गाळासारखा सुटतो आणि चांगल्या धातूला धक्का लागत नाही. तीन पथ्ये मात्र आहेत. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. हायड्रोजन वायू निघतो, म्हणून काम उघड्यावर करावे. आणि अॅल्युमिनियम या पाण्यात घालू नये, सोडा ते खातो. (नवीन ऑटोमॅटिक चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय सुरूच होत नाहीत, जुना ट्रान्सफॉर्मरचा जड डबा शोधावा.)

अनगोळची लेक
मूळ लेखातल्या वाळूच्या वाक्याकडे कोणी लक्ष दिलेले नाही, म्हणून लिहीत आहे. माझे वडील फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करण्याच्या कामाला होते. सुट्टीच्या दिवशीही ते उंबऱ्यावर बसून आधी पाच मिनिटे दम घेत आणि मगच घरात येत. आम्हाला वाटायचे की ते थकले आहेत.

वाळूत सिलिका असते. कण आदळून फुटतो तेव्हा त्याची इतकी बारीक पूड होते की ती डोळ्यांना दिसत नाही, नाकात अडत नाही आणि फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसमध्ये फुप्फुसावर पडलेले व्रण कोणत्याही औषधाने भरून येत नाहीत. 1948 च्या कारखाने कायद्यात या आजाराची नोंद सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांत होती, आणि कास्टिंग साफ करण्यासाठी वाळूचा मारा करणे ब्रिटनमध्ये 1950 च्या सुमारासच बंद झाले. नदीची वाळू चाळून घेतली म्हणून सुरक्षित होत नाही. उलट बारीक वाळू जास्त वाईट. तोंडाला रुमाल बांधणे म्हणजे केवळ मनाचे समाधान आहे.

कॅबिनेट घेतला तरी त्याच्या दाराच्या स्वस्त रबरातून धूळ येतेच. त्याला घरचा व्हॅक्यूम क्लीनर जोडला तर कापडी पिशवीतून बारीक पूड बाहेर पडून सगळ्या खोलीत पसरते. नळी भिंतीतून बाहेर काढा, आणि तिच्या समोर शेजाऱ्यांची खिडकी येणार नाही हे पाहा. ब्रेकच्या बॅकप्लेटवर जुन्या लायनरची पूड असेल, आणि जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. ती हवेने उडवू नका, ओली करून फडक्याने पुसून काढा.

घरी करावे की बाहेर करून घ्यावे, यावर माझे काही मत नाही. वाळू नको, एवढेच सांगायचे आहे.

निपाणीकर
ताईंच्या म्हणण्याला पूर्ण दुजोरा. वाळूऐवजी गारनेट (एका कठीण खनिजाचे कण) किंवा अॅल्युमिनियम ऑक्साइड घ्यावे. एकदा विकत घेतलेला माल कॅबिनेटमध्ये अनेकदा फिरतो, त्यामुळे फुकटची वाळू शेवटी फुकट ठरत नाही. अॅल्युमिनियमच्या भागांना काचेचे मणी चांगले. काच म्हटली की लोकांना सिलिकाचे भय वाटते, पण काचेतली सिलिका वाळूसारखी स्फटिकरूप नसते. मात्र मण्यांनी जाड गंज निघत नाही. ते फक्त पृष्ठभाग ठोकून मऊ झळाळी देतात.

मी असा छोटा कॅबिनेट तीन वर्षे वापरत आहे आणि टिळकवाडीकरांच्या बाजूने आहे, परंतु घेण्यापूर्वी माप घ्यावे. मारुतीची रिम 12 इंची म्हणतात ते टायर बसण्याच्या जागेचे माप आहे. कडेसकट ती त्याहून मोठी भरते, आणि टेबलावरच्या कॅबिनेटचे दार बऱ्याचदा त्याहून अरुंद असते. रिम आत गेली तरी हातमोज्यांमधून ती फिरवता आली पाहिजे. माझ्या कॅबिनेटमध्ये ती जाते, पण फिरत नाही. स्वस्त कॅबिनेटचे मोजे, दिवा आणि सिरॅमिक नोझल लवकरच बदलावे लागतात, हे धरून अंदाजपत्रक करावे. काचेवर आतून पारदर्शक फिल्म चिकटवावी, नाहीतर महिन्याभरात काच दुधी होऊन आपण आंधळेपणाने काम करू लागतो.

आता माझा गाढवपणा सांगतो. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) आत तेलाची वाफ अडवणारा पत्रा असतो. मी कव्हर मण्यांनी सुंदर केले, धुतले, हवा मारली आणि बसवले. त्या पत्र्यामागे अडकलेले मणी पुढे गरम तेलाबरोबर सुटून इंजिनात उतरले. बेअरिंगच्या शेल बदलल्या तेव्हा त्यांच्यावरच्या रेघा पाहून कारण कळले. म्हणून ज्या भागात तेल किंवा पेट्रोल जाण्याची बारीक वाट आहे, तो कॅबिनेटमध्ये घालूच नये. कार्बोरेटरचे तर नावही काढू नका. जेटच्या वाटेत एक मणी बसला की गाडी आयुष्यभर खोकत राहील. तो पूर्ण उघडून क्लीनरमध्ये भिजत घालावा.

उद्यमबागवाला
म्हणजे रिम आत फिरत नाही, कार्बोरेटर घालायचा नाही, टॅपेट कव्हर घालायचे नाही आणि पावसाळ्यात चालवायचा नाही. मग 15,000 रुपये नक्की कशासाठी?

टिळकवाडीकर
प्रश्न रास्त आहे. वाळूचा विचार मी सोडला आहे, आणि तो इतक्या सहज लिहून गेलो याची लाज वाटते. रिम आपण म्हणता तशा पावडर कोटिंगला देतो. तिथे माझा हट्ट नाही. कार्बोरेटर भिजत घालीन. लोअर आर्म आणि स्वच्छ पुसलेल्या बॅकप्लेट खानापूरकरांच्या पिंपात जातील.

तरीही कॅबिनेट घेणार आहे, कारण उरलेल्या यादीत ब्रॅकेट, क्लॅम्प, पुल्या, बॅटरीचा ट्रे, अल्टरनेटरचे माउंटिंग असे साठ-सत्तर छोटे नग आहेत. ते मी एकदा पिशवीत घालून एका दुकानात दिले होते. परत आले तेव्हा दोन ब्रॅकेट कमी होते, आणि बोल्टच्या आट्यांवर मारा केल्यामुळे नट चढेनात. असले नग आटे टेपने झाकून एकेक हातात धरूनच करावे लागतात, आणि तेवढ्यासाठी 2 मिलिमीटरचा जेट पुरतो. खरेदी ऑक्टोबरमध्ये, पाऊस गेल्यावर. तोपर्यंत भिंतीवरचा पाइप आणि बाहेर जाणारी नळी बसवून घेतो.

खानापूरकर
पाइपाचा उतार कंप्रेसरपासून दूर द्या, कंप्रेसरकडे नको. साचलेले पाणी उलटे टाकीत गेले तर टाकी आतून गंजते. पंक्चरच्या दुकानातली आहे म्हणता, तर खालचा कॉक आजच उघडून पाहा, आत पाणी आधीच असेल. बाहेर तांबडे पाणी आले, तर टाकीची दाबचाचणी करून घेतल्याशिवाय ती 8 बारपर्यंत भरू नका.