बचत गटाचे वेबपेज स्वतः तयार करायचे आहे. सुरुवात कोणत्या साधनाने करावी?

फैजपूरकर:
नमस्कार. माझी आई ज्या महिला बचत गटात आहे, तो गट केळीचे वेफर्स, ज्वारीचे बिबडे आणि नागलीचे पापड तयार करून विकतो. गटासाठी एक साधे मराठी पान करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. पदार्थांचे फोटो, दर आणि संपर्काचा क्रमांक एवढेच त्यात हवे आहे. माझे संगणकाचे शिक्षण एमएस-सीआयटीपुरतेच झाले असून घरी ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे. कोणी वर्डप्रेस (कोड न लिहिता वेबपेज तयार करण्याची प्रणाली) सुचवतात, तर कोणी आधी एचटीएमएल (टॅग नावाच्या खुणा वापरून वेबपेज लिहिण्याची भाषा) शिकायला सांगतात. मी नोटपॅडमध्ये लिहून पाहिले, पण फाइल ब्राउझरमध्ये उघडल्यावर माझेच टॅग जसेच्या तसे दिसले आणि ‘केळी’ या शब्दाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटली. कृपया मार्गदर्शन करावे.

भुसावळकर:
भाऊ, आपल्या लिहिण्यात चूक नाही, फाइल जतन करण्यात दोन गोष्टी राहिल्या आहेत. विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग लपवते, त्यामुळे आपण ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ असे नाव दिले तरी नोटपॅड त्याच्यापुढे गुपचूप ‘डॉट टीएक्सटी’ जोडतो आणि ब्राउझर त्या फाइलला वेबपेज न मानता साधा मजकूर मानतो. ‘सेव्ह ॲज’च्या चौकटीत प्रकार ‘ऑल फाइल्स’ निवडा आणि त्याच चौकटीत खाली एन्कोडिंग (फाइलमध्ये अक्षरे साठवण्याची पद्धत) ‘ॲन्सी’ऐवजी ‘यूटीएफ-८’ करा. ॲन्सीमध्ये देवनागरीला जागाच नसते, म्हणून प्रश्नचिन्हे आली. ती फाइल आता दुरुस्त होणार नाही, मराठी मजकूर पुन्हा टाइप करावा लागेल. शिवाय पानाच्या हेड भागात मेटा चारसेटची ओळ, म्हणजे ब्राउझरला एन्कोडिंग सांगणारी ओळ, अवश्य लिहा.

साधनाबद्दल विचाराल तर आपल्या लॅपटॉपवर नोटपॅड प्लस प्लस हा कोड लिहिण्याचा प्रोग्राम घ्या. ते मोफत आहे, अतिशय हलके आहे आणि टॅग वेगळ्या रंगात दाखवत असल्याने न बंद केलेला टॅग लगेच नजरेत भरतो. २०१५ साली आलेला मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड हा तशाच कामाचा प्रोग्राम अधिक समर्थ आहे आणि तोही मोफत आहे, परंतु ४ जीबी रॅमवर त्यासोबत ब्राउझर उघडा ठेवला की यंत्र अडखळू लागते.

तापीकाठ:
मी थोडे वेगळे सुचवते. उद्या आपण नोकरीसाठी पुण्याला गेलात, तर नागलीचा भाव वाढल्यावर पापडाचा दर पानावर कोण बदलणार? गटातल्या एखाद्या ताईंना मोबाइलवरून हे करायचे असेल, तर वर्डप्रेस सोयीचे पडते. मात्र स्वतःच्या नावाचे डोमेन (पानाचा इंटरनेटवरचा पत्ता) आणि होस्टिंग (पान ठेवण्याची जागा) यांचा दरवर्षीचा खर्च गटाला आधीच सांगा, आणि वर्डप्रेस व त्याचे प्लगइन (जादा सोयींसाठी जोडलेले छोटे प्रोग्राम) वेळोवेळी अद्ययावत करावे लागतात हेही लक्षात ठेवा. आमच्या गावातल्या एका संस्थेचे पान दोन वर्षे कोणी अद्ययावत केले नाही आणि शेवटी त्यावर भलत्याच जाहिराती दिसू लागल्या. त्याचे मला आजही वाईट वाटते.

भुसावळकर:
ताई, दर कोण बदलणार हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. तरीही पहिले पान हातानेच लिहावे, असे मला मनापासून वाटते. हेडिंग, परिच्छेद, फोटो आणि लिंक एवढे चार टॅग कळले, की पुढे वर्डप्रेसमध्ये एखादी गोष्ट बिघडली तरी ती कुठे बिघडली हे ओळखता येते.

धुळेकर:
फोटोंकडे लक्ष द्यावे. मोबाइलने काढलेला फोटो सहज ४ एमबीचा असतो आणि गावाकडच्या नेटवर्कवर तो उघडेपर्यंत गिऱ्हाईक निघून जाते. रुंदी १,२०० पिक्सेलपर्यंत आणून फोटो २०० केबीच्या आत बसवावा. दरपत्रक डीटीपीवाल्याकडे जुन्या, युनिकोड (सगळीकडे सारखी वाचली जाणारी अक्षरपद्धती) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असेल, तर त्यातला मजकूर थेट चिकटवू नये. पानावर निरर्थक अक्षरे येतील. सरावासाठी गिटहब पेजेस या वेबपेज ठेवण्याच्या सेवेवर पान मोफत ठेवता येते, पण ऑनलाइन दुकान चालवण्यास तिथल्या नियमांची परवानगी नाही, हे पाहूनच पुढचा निर्णय घ्यावा.

फैजपूरकर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. यूटीएफ-८ निवडून मजकूर पुन्हा लिहिला आणि ‘केळी’ स्पष्ट दिसली. पान आईला दाखवले, तेव्हा बिबड्यांचा दर मागच्या वर्षीचा असल्याचे तिने सांगितले. तो नोटपॅड प्लस प्लसमध्ये कसा बदलायचा हे मी तिला दाखवले आणि आकडा तिनेच बदलला.